डाव्या बाजूचा घास

तोंड बंद ठेवण्यात प्रयागबाईचा फायदाच फायदा होता. सुनेचं नाक कापलं जाणार होतं, तेही तिच्याच भिशीतल्या बायकांसमोर. हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची परत मिळणार होती. आणि बाथरूममध्ये मुद्दाम समोर ठेवलेली ती हिरव्या पाण्याची गुळण्यांची बाटली सुनेच्याच हातात ठेवता येणार होती. तोटा म्हणाल तर काहीच नव्हता. निदान प्रयागबाईला दिसत तरी नव्हता.

भानगड वासाची होती. मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवाळीपासून कसला तरी कुजका वास यायचा. पारशिवनीहून राहायला आलेली सासू घरात असताना वास कोणाचा, हे शोधायला मिनलला लांब जावं लागलं नाही. प्रयागबाईनं तंबाखू सोडून वर्षं झाली होती. तरी पाहुणे आले की मिनल साखर घोळून म्हणायची, "आई, तुम्ही थोडं आत बसता का?"

आई आत बसायच्या. सोबतीला पलंगाखाली ब्रूनो, मिनलचा लाडका लॅब्राडोर. एका दुपारी त्यानं तोंडभर जांभई दिली आणि प्रयागबाईला वासाचा खरा धनी सापडला. तिनं त्याचा ओठ वर करून पाहिलं. उजवीकडची वरची मोठी दाढ उभी चिरली होती, हिरडी काळीनिळी फुगली होती. मिनलनं ऑनलाइन मागवलेल्या दगडासारख्या हाडाची ती करामत.

"सांगू का गा तुह्या मालकिणीले?" प्रयागबाईनं विचारलं. मग आपणच म्हणाली, "काहून सांगू? मले कोणी इचारलं का?"

ब्रूनोच्या तोंडातून कडक दाणे सांडायला लागले. तो पंजानं गाल घासायचा. आता तो उपाशी राहिला असता तर प्रयागबाईला घास गेला नसता. ती दुष्ट नव्हती, फक्त सूड घेत होती. मिनल मिहानला ऑफिसात गेली की ती सांडलेले दाणे केरात टाकायची, दुधात पोळी कुस्करायची आणि एकेक घास बोटानं त्याच्या डाव्या गालात सरकवायची. संध्याकाळी वाटी लख्ख. मिनल खूश.

पुढे ब्रूनोच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली.

"गांधीलमाशी डसली असन," मिनलचा नवरा सुशील म्हणाला. मिनल रोज डोळ्यात थेंब टाकू लागली. दुखणं एकीकडे, औषध दुसरीकडे. प्रयागबाई सगळं पाहायची आणि भिशीची वाट बघायची.

भिशीच्या रविवारी सूज लिंबाएवढी झाली होती. सासू आत, कुत्रा तिच्या पायाशी, दार किलकिलं. हॉलमधून भिशीतल्या दामिनीचा खणखणीत आवाज ऐकू आला, "मिनल, सोफ्याखाली काही मरून-बिरून पडलं का वं?"

मिनलनं आवाज खाली आणला, पण हवा तितका आला नाही. "आईंचे दात गं. किती वेळा म्हटलं, डेंटिस्टकडे चला. ऐकतील तर ना!"

प्रयागबाईनं दार सताड उघडलं. "जाय गा बापू, मावश्यांले भेटून ये."

ब्रूनो गेला आणि त्यानं सवयीनं दामिनीच्या मांडीवर डोकं ठेवलं. दामिनीनं सवयीनं त्याचा गाल कुरवाळला. सूज फुटली. पू आणि रक्त तिच्या रेशमी साडीवर ओघळलं आणि वासानं हॉल भरला. बायका किंचाळत सोफ्यावर चढल्या.

प्रयागबाई दारात उभी होती, पदर नीट घेऊन. "माह्यं तोंड त बंद हाये वं बाई," ती सुनेला म्हणाली. "आता नाक लावून पाह्य, कोणाचा वास येऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी ब्रूनो तिच्याशिवाय गाडीत चढेना, म्हणून दवाखान्यातही तिला न्यावं लागलं. डॉक्टरांनी भूल देऊन एक्स-रे काढला, दाढ उपटली, टाके घातले.

"डोळा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "या दाढेच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखालीच येते. फार दिवस सोसलंय यानं. खाणं सोडलं नव्हतं?"

"छे! वाटी रोज चाटूनपुसून साफ," मिनल म्हणाली.

"तिथंच फसलं. उपाशी राहिला असता तर तुम्ही तेव्हाच आणलं असतं. दाढ कदाचित वाचलीही असती."

प्रयागबाई भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत राहिली.

घरी आल्यावर मिनलनं माफी मागितली, अगदी डोळ्यांत पाणी आणून. हिरवी बाटली केरात गेली. खिडकीजवळच्या खुर्चीवरचे कपडे उचलून तिनं सासूला तिथं बसवलं. ठरवलं होतं ते सगळं वसूल झालं.

मग मिनल दूधभात कालवून ब्रूनोपुढे बसली. त्यानं तोंड फिरवलं. तो झोकांड्या खात उठला, खुर्चीपाशी आला, मान उजवीकडे कलती केली, डावा गाल वर केला आणि तसाच थांबला. प्रयागबाईचा हात तिच्याही नकळत वाटीत गेला. बोटानं घास डाव्या गालात सरकवला.

मिनल एकदा कुत्र्याकडे बघत होती, एकदा त्या बोटाकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही सवय याला कधी लागली?"

प्रयागबाईनं तोंड उघडलं नाही. तिला खुर्ची मिळाली होती, सुनेची बायकांत शोभा झाली होती. दाढ ज्याची गेली, तो तिची बोटं चाटत होता.