बाहीचा कागद

बायको घरी जुन्या काळातले झगे शिवायची. कापडावर कागदी पॅटर्न ठेवून दातेरी चाक इतकं दाबून फिरवायची, की खाली जेवणाच्या टेबलावरही ठिपके उमटायचे. ती गेली तेव्हा शेवटच्या झग्याची एक बाही राहिली होती. लेक म्हणाली, "बाबा, मी पुरा करते. बाहीचा कागद तेवढा द्या."

कागद कुठून देणार? माझी ताई घर आवरायला म्हणून आली आणि सगळे पॅटर्न रद्दीत घालून मोकळी झाली.

"कचराच होता रे तो," ताई म्हणाली. "आणि या टेबलाचं तोंड बघ, देवी आल्यासारखं झालंय. रंधा मारून घे."

जिने जन्मात सुईत दोरा ओवला नाही, ती मला घर शिकवत होती.

बायको बाही नेहमी टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर उतरवायची. मी तिथे पातळ कागद पसरला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेलो. काळ्यावर पांढरे ठिपके उठले, खांद्यापासून मनगटापर्यंत.

ताई वाकून बघायला लागली. "हे काय रे?"

 

"कचरा," मी म्हणालो. "तुझ्या हातून चुकून राहिलेला."