खिळ्यावरची पिशवी

पिशवी आजही फुगली होती. दुपारी ती खिळ्यावर रिकामी लोंबत होती आणि आता, साडेपाचला, पोटाला तडस लागेपर्यंत जेवल्यासारखी गच्च. मास्तरांनी कापडाच्या घड्या घालण्याचं निमित्त करून तिरक्या नजरेनं पाहून घेतलं.

दोन मशीनचं शिवणाचं दुकान. एकावर मास्तर, दुसऱ्यावर कारागीर. अकरा वर्षं पाठीला पाठ लावून दोघं शिवत होते. मग हमरस्त्यापलीकडे तयार कपड्यांचा मोठा कारखाना आला आणि गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. हाती उरलं ते फक्त दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचं काम. तेही गेलं तर दुकानाला टाळं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मागच्या वर्षी काही कोट वाकड्या शिवणीपायी परत आले, तेव्हा मास्तरांनी युक्ती काढली. ज्यानं कोट शिवला त्यानं खिशाच्या आत एक रंगीत टाका घालायचा. मास्तरांचा लाल, कारागिराचा निळा.

"कोण चुकतंय ते कळायला हवं," मास्तर म्हणाले होते. रोख कुणाकडे होता ते दोघांनाही ठाऊक होतं. कारागिरानं मुकाट्यानं निळं रीळ उचललं. तेव्हापासून एकही कोट परत आला नाही. कशी जरब बसवली, असं मास्तर बायकोला चारचारदा ऐकवत.

पण हल्ली त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. कारागीर सकाळी त्यांच्याआधी येऊन दुकान उघडायचा. इस्त्री, घड्या, बांधाबांध, सगळं आपणहून अंगावर घ्यायचा. एवढं प्रेम अचानक कुठून उतू चाललं? विचारावं तर ताकास तूर लागू देत नव्हता. काल चहावाल्यानं सांगितलं, कारखान्याचा माणूस याच्याशी कोपऱ्यावर बोलत होता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. चौथ्या खेपेला ओवला. विजेचा दाबच कमी असतो हल्ली, त्याला कोण काय करणार.

कारागिरानं खिळ्यावरची आपली पिशवी काढली. मास्तर दारात आडवे आले.

"उघड ती."

"राहू द्या ना, मास्तर."

"का? तिकडे नमुने पोचवायचेत?"

"त्यांनी बोलावलं होतं. मी नाही म्हणालो."

मास्तरांनी पिशवी हिसकावली आणि टेबलावर उपडी केली. चार पांढरे कोट पडले. एकाची बाही अर्धी उसवलेली, दुसऱ्याची कॉलर सुटी.

कारागीर खाली बघत म्हणाला, "घरी बायकोच्या मशीनवर नीट करतो. सकाळी तुम्ही यायच्या आत गठ्ठ्यात ठेवतो."

मास्तरांना एकदम हायसं वाटलं. चोर नव्हता, नुसता धांदरट होता. "म्हणजे स्वतःच्या चुका झाकतोस होय रे? तरी म्हटलं, माल परत कसा येत नाही!"

कारागीर कोट गोळा करू लागला. मास्तरांनी त्याला पुरावाच दाखवायचं ठरवलं. पहिल्या कोटाचा खिसा उलटा करून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा.

चारही टाके लाल होते.