अर्धवट प्रश्नावली

विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि मदतीची वृत्ती, हा उर्वीच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. पेणच्या एका कॉलेजात साठ जणांना प्रश्नावल्या वाटून ती फळ्यापाशी टेकते न टेकते, तोच रोह्याहून आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. उर्वी तिथेच रडू लागली. वर्ग मात्र खाली मान घालून इमानेइतबारे खुणा करत होता.

मागच्या बाकावरची, जिते गावची ऋतुजा तेवढी पेन टाकून उठली. "ताई, बस गो आधी. घाबरू नको, मी हाय ना." तिने उर्वीला पाणी पाजलं आणि एसटीत शेजारी बसून थेट रोह्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत केली.

बाबा बरे होऊन घरी आले, तशी उर्वी प्रश्नावल्या तपासायला बसली. 'कुणी अडचणीत दिसलं तर मी लगेच धावून जातो', यापुढे एकोणसाठ जणांनी 'नेहमी'वर खूण केली होती. ऋतुजाची प्रश्नावली चौथ्या प्रश्नावरच थांबली होती. ती पाहून उर्वीचे डोळे भरून आले.

मग तिने डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे त्यावर लाल पेनने लिहिलं, 'अपूर्ण. बाद.'