पुढचा रोटर

इंजिनाने तिसऱ्यांदा फाटकन बार काढला, पंखा अर्धा फिरला आणि थांबला. मी पुस्तकामागे तोंड लपवलं.

सिंधूताई आपल्या गॅरेजमागच्या शेडमध्ये सहा वर्षं विमान बांधत होत्या. त्याचं रोटरी इंजिन जुन्या मोटारीतलं; त्यात पिस्टनऐवजी एकामागे एक दोन तिकोनी रोटर फिरतात. ठिणगीसाठी महागडी परदेशी पेटी मागवण्याऐवजी मोटारसायकलच्या चार साध्या कॉइली लावा, असं मीच सुचवलं होतं. मी निवृत्त ग्रंथपाल. पाना कधी हातात धरलेला नाही.

"ताई, पेटीच मागवा. माझं सगळं पुस्तकी."

"म्हणजे आणखी वर्षभर थांबू? साठी उलटली माझी. तारा जोडताना काय वाचलंत, ते परत वाचा."

"पुढच्या रोटरला पहिल्या दोन कॉइली, मागच्याला उरलेल्या."

"आणि पुढचा म्हणून कुठला दाखवलात?"

मी पंख्याकडचा दाखवला. विमानाचा पंखा पुढेच असतो.

ताई हसत हसत स्टुलावरच बसल्या. "अहो काका, पुस्तक मोटारीचं! इथे इंजिन आपण उलटं बसवलंय. मोटारीतली पुढची बाजू आता पायलटच्या गुडघ्यांशी आलीय. आणि मीही मुकाट तारा खोचत गेले!"

त्यांनी तारांची अदलाबदल केली, विमान खांबाला पक्कं बांधलंय ना ते पाहिलं आणि आत बसून बटण दाबलं. या वेळी इंजिन एका दमात सुरू झालं. पंखा फिरता फिरता दिसेनासा झाला.

"काका, शेजारची खुर्ची तुमची!" ताई ओरडल्या.

मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. इंजिन बंद झाल्यावर मात्र त्या खुर्चीचा पट्टा माझ्या पोटाला पुरतो का, ते हळूच पाहून घेतलं.