सुई अडकायची ती जागा

पुंजाजींच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं आणि प्रसेनजितनं मोबाइलवर बोट ठेवलं. साखरखेर्ड्याच्या त्या अंगणात पुंजाजी गाऊ लागले.

बायांच्या अंगावर काटा आला. समोर हार घातलेला फोटो आणि कानात जिता आवाज. पुंजाजींच्या गायन पार्टीची उभ्या जन्मात एकच तबकडी निघाली होती. ती वाजवायचं मशीन त्यांच्या दुखण्यातच बंद पडलं. आईला बाबांचा आवाज होता तसा ऐकवायचा, एवढ्यासाठी प्रसेनजितनं तबकडी खामगावला नेऊन मोबाइलवर उतरवून घेतली आणि मग तिच्यावर जिवाचं रान केलं. खरखर त्यानं मुद्दाम राहू दिली. ती काढली की आवाज धुऊन वाळवल्यासारखा कोरडा वाटायचा. ढोलकीचा घुमारा परत आणला. सुई टेकतानाचा 'खट्'सुद्धा ठेवला.

तानाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ओठ हलत होते. प्रसेनजित गाणं सोडून आईच्या ओठांकडेच बघत होता. जमलं बुवा, त्याला वाटलं.

तिसरं कडवं आलं. "वेशीपाशी..." पुंजाजींनी सूर उचलला आणि तानाबाई उठल्या. पदराला हात पुसत, बायांमधून वाट काढत लगबगीनं स्पीकरजवळ आल्या. हात पुढे केला.

गाणं तोवर पुढच्या ओळीवर गेलं होतं.

"काय झालं माय?"

"अडकले नाई," तानाबाई म्हणाल्या. "इथं अडकत होते ना बाबू."

तबकडीवर तिथं ओरखडा होता. सुई अडकली की 'वेशीपाशी, वेशीपाशी' सुरू व्हायचं. पुंजाजी महाआळशी, स्वतः उठायचं नाव नाही. बाजेवरूनच हाक मारायचे, "अवं, सोडव ना मले!" मग तानाबाई चुलीपुढून हात पुसत यायच्या, बोटानं सुई हलकेच पुढं सरकवायच्या, आणि दोघं हसायची. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही. ते अडकणं प्रसेनजितनंच मोबाइलवरच्या गाण्यातून काढून टाकलं होतं. सांधासुद्धा कळत नव्हता, याचा त्याला आत्तापर्यंत अभिमान होता.

गाणं संपलं. हुबेहूब, लोक म्हणाले.

"माय, ते परत टाकता येते," तो घाईघाईनं म्हणाला. "तसंच अडकवीन. तू म्हणशीन तितक्या वेळा."

तानाबाईंनी मोबाइल हातात घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. काचेवरून त्यांचं बोट नुसतंच फिरत राहिलं.

"तू अडकवशीन रे बाबू," त्या म्हणाल्या. "पण मंग मी त्यायले सोडवू कसं?"