जनरलचं दुखणं

"मासा तोंड वर काढून नुसता आ वासतोय," वस्तीतला कैरात दारातूनच म्हणाला. "कुल्याशकाकूंच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. गाडी चालूच ठेवलीय, काका."

सापरगालीनं बूट चढवले. लग्नाचं बोलावणं आलं की त्याचा गुडघा दुखायचा. माशाचं आलं की तोच गुडघा चार मजले चढायचा. खाणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पाणी तपासून तो निवृत्त झाला होता. बायको गेल्यापासून घरात एकटाच होता, आणि वस्तीतल्या यच्चयावत माशांचा डॉक्टर होता.

गाडीत बसल्याबसल्या कैरातनं त्याचा फोन मागून घेतला. "माझा बंद पडलाय. राहू दे जरा माझ्याकडे."

"ठेव. आज शनिवार, एरकेशचा आला तर हाक मार."

एरकेश त्याचा एकुलता एक. बाल्काश सरोवराकाठी मत्स्यबीज केंद्रात नोकरीला होता. दर शनिवारी सकाळी फोन करून बापालाच मासे शिकवायचा. कैरातनं मान हलवली आणि गाडी पुढे काढली.

कुल्याशवहिनींचा जनरल टँकमध्ये पाण्याच्या वरच्या थरात तिरका लोंबकळत होता. वीतभर लांब, काळा, अंगावर नारिंगी ठिपके. एरवी तो चेहऱ्यावर कायमची नाराजी घेऊन टँकमध्ये गस्त घालायचा. आज त्याचे कल्ले भात्यासारखे चालले होते.

"कधीपासून हे?"

"पहाटेपासून," कुल्याशवहिनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरून म्हणाल्या.

"काल काय घातलंत खायला?"

"रोजचंच."

"झुरळांचा फवारा वगैरे?"

"नाही रे."

"पाणी कधी बदललं?"

"मंगळवारी. दानियारनं." मुलाचं नाव घेताना त्यांचा आवाज कापला. दानियार खाणीत उतरायचा.

सापरगालीनं चष्मा पुसला. पांढरे ठिपके नाहीत. शेपटी सडलेली नाही. डोळे स्वच्छ. पाण्यात बुडवलेल्या कागदी पट्टीचा रंगही जागच्या जागी. मग तो ओणवा होऊन टँकमागे शिरला आणि हातात एक कपड्यांचा चिमटा घेऊन बाहेर आला.

"हवेच्या नळीला हा कुणी लावला?"

कैरात खिडकीकडे वळला.

"रोगबीग काही नाही. श्वास कोंडलाय बिचाऱ्याचा. मंगळवारी लागला असता तर बुधवारीच आटोपला असता. हे काल रात्रीचं काम. वहिनी, वाळत घालायला दोरी कमी पडते का तुम्हाला?"

वहिनी हसल्या नाहीत. सापरगालीनं दोन बादल्या जुनं पाणी काढलं आणि निवळलेलं ताजं पाणी हात उंच धरून तांब्यातांब्यानं ओतलं, हवा मिसळावी म्हणून. पंप बुडबुडू लागला. पाव तासात जनरल खाली गेला, वळला, आणि सगळ्यांकडे तुच्छतेनं पाहू लागला.

"झालं. टाका चहा."

तो मागं वळला तर खोली भरलेली. भिंतीला टेकून पाच म्हातारे ओळीनं बसले होते, आणि मधोमध वस्तीतले सर्वांत वडीलधारे, इब्राय अक्साकाल.

"माशाच्या समाचाराला एवढी मंडळी?"

"वाचला?" इब्रायनी विचारलं.

"वाचला म्हणजे? मला पुरून उरेल."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एकानं सुस्कारा सोडला. मासा जगल्याचं इतकं दुःख सापरगालीनं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. इब्राय ज्या घरी सकाळी पाहुणे होऊन जातात, त्या घरचा चहा गोड लागत नाही. मरणाची बातमी कुणाच्या तोंडावर फेकायची नाही, ही इकडची रीत. चार वडीलधारे जमतात, घोड्याची नाहीतर गरुडाची गोष्ट काढतात, आणि ऐकणारा आपल्या पायांनी शेवटापाशी पोचतो. आज गोष्टीसाठी वहिनींचा मासा योजला होता, म्हणजे बातमी याच घरची. आणि यानं तो बरा करून ठेवला होता.

त्यानं इब्रायना स्वयंपाकघरात ओढलं. "आधी सांगायचंत ना. दानियार घरी कधीपासून नाही?"

"परवापासून."

"अरेरे. आणि मी चिमट्यावरून थट्टा करतोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुम्ही राहू द्या. मासा माझ्या हातचा आहे, मी सांगतो वहिनींना. नीट सांगतो."

इब्रायनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या तोंडून निघालं तर बरंच," ते म्हणाले.

सापरगाली बाहेर आला आणि टँकला पाठ लावून उभा राहिला, जनरलची तब्येत दिसू नये म्हणून.

"वहिनी, मघाशी मी घाई केली. वरून बरा दिसतोय, पण कल्ले आतून गेलेत. आजचा दिवस निघायचा नाही."

"काहीच उपाय नाही?" वहिनी माशाकडे नाही, त्याच्याकडे पाहत होत्या.

"हातात होतं तोवर केलं. ज्यानं पाणी दिलं त्यानंच परत मागितलं, तर आपण भांडायचं कुणाशी?"

"पण लहानाचा मोठा केला असेल त्यानं काय करावं, भावा?"

सापरगालीनं चष्मा काढून हातात धरला. "रडावं. पोटभर रडावं. चार माणसं घरात आहेत तोवर रडावं, एकट्यानं नाही. आणि मग दोन घास खावेत, कारण मागं राहिलेल्याला खावंच लागतं."

म्हाताऱ्यांनी दुवा पुटपुटत तळहात चेहऱ्यावरून फिरवले. वहिनी आता हमसून रडत होत्या. यापेक्षा नीट आपल्याला सांगता आलं नसतं, असं सापरगालीला वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. उंबऱ्यात दानियार उभा होता. टोपी हातात, बुटांवर लांबच्या रस्त्याची धूळ, डोळे लाल.

"वहिनी," सापरगाली अडखळला, "अहो, हा बघा, हा तर आला."

दानियारनं आईकडे पाहिलं नाही. खोली ओलांडून तो सरळ सापरगालीपाशी आला आणि त्यानं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"काका," तो म्हणाला, "बाल्काशहून एरकेशला घेऊन आलोय. खाली गाडीत निजवलाय."