आठ फूट

"पाणी नको!" असं ओरडत कारखान्याची सुरक्षा अधिकारी हेमलता चौकुळकर अग्निशमन बंबापुढे हात पसरून उभी राहिली. मागे उलटलेल्या पिंपातलं ॲसिड धूर सोडत गटाराकडे सरकत होतं. गटारातलं पाणी त्याला लागलं, की विषारी ढग उसळून थेट शेजारच्या शाळेवर जाणार होता.

गटार आठ फुटांवर.

"मॅडम, बंबात पाणीच असतं," बंबावरचे साहेब म्हणाले. "ताक नसतं."

"याला कोरडी वाळू लागते. आहे आमच्याकडे."

वाळूच्या ढिगावर पहारेकरी धाकूमामांनी पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला होता. वाळू चिंब होती.

"मामा, ही भिजवली कुणी?"

"मीच भिजवतो की रोज. नाहीतर माठ गार कसा राहील? काल दोन पेले प्यायलात, तेव्हा नाही विचारलंत!"

गटार तीन फुटांवर.

हेमलताची नजर सैरभैर फिरली आणि सुरक्षा सप्ताहाच्या रांगोळी स्पर्धेच्या मांडवात थांबली. तिथे कोरड्या रांगोळीची सात पोती होती. श्वासयंत्रं लावलेल्या जवानांनी ती भराभर ओतली. आधी पांढरी, मग गुलाबी, मग हाताला येईल ती.

गटार वीतभर राहिलं आणि ॲसिड थांबलं.

तेवढ्यात स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. दोरीपलीकडे उभ्या राहून, चष्मा सावरत त्यांनी तो रंगीत ढीग बराच वेळ न्याहाळला.

"रंगसंगती छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यात सुरक्षेचा संदेश कुठे दिसत नाही."